माती परीक्षणात न दिसणारी फवारणी

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसोबत कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचा अहवाल जातो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं तिकडे अडली, तेव्हापासून नाशिक-सांगलीचे बागायतदार ‘रेसिड्यू’ला धास्तावून असतात. पण वेलीखालच्या मातीची अशी तपासणी सहसा होत नाही. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं असे बारा निकष आहेत. कीडनाशक त्यात एकही नाही.

मोजायचं प्रमाण किती सूक्ष्म असतं? एका हेक्टरातली वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 22 लाख किलो भरते. तिच्यात एक किलो कीडनाशक सारखं मिसळलं, तर किलोभर मातीच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम येतो. काही महिन्यांनी उरतो तो त्याचाही अंश.

नमुना नेहमीसारखाच नागमोडी फिरून, अनेक ठिकाणची माती एकत्र करून घेतात. मात्र तो उन्हात वाळवायचा नाही, थंड ठेवायचा. नाहीतर औषध उडून जातं किंवा त्याचं विघटन होतं. प्रयोगशाळेत 10 ग्रॅम मातीत पाणी आणि ॲसिटोनायट्राइल हा द्रावक घालतात. मग क्षार टाकून जोरात हलवलं की द्रावक पाण्यापासून वेगळा होतो आणि औषध सोबत घेऊन येतो. 2003 मध्ये फळं-भाज्यांसाठी प्रसिद्ध झालेली ही ‘क्वेचर्स’ पद्धत पुढे मातीलाही लावली गेली. शेवटी क्रोमॅटोग्राफी एकेक रसायन वेगळं करते आणि मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंच्या तुकड्यांवरून ते ओळखतो.

अडचण मातीचीच. चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब औषधाला धरून ठेवतात. म्हणून स्वच्छ मातीत ठरावीक मात्रा मिसळून ती परत किती मिळते, हे आधी तपासावं लागतं. साधारण 70 ते 120 टक्के मिळाली तरच पद्धत ग्राह्य. ग्लायफोसेट या द्रावकात उतरत नाही, त्याला वेगळी चाचणी लागते. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या तांब्याचं तर विघटनच होत नाही. पत्रिकेत तांबं असतं, पण कमतरता शोधण्यासाठी!

अकरा युरोपीय देशांतल्या 317 शेतजमिनींच्या 2019 मधील अभ्यासात 83 टक्के नमुन्यांत अंश सापडले, 58 टक्क्यांत एकाहून अधिक. पत्रिकेत आणखी एक रकाना वाढवून मातीतल्या कीडनाशकांची तपासणी होणार नाही. चाचणी महागडी आहे. निदान जास्त फवारणीच्या द्राक्ष, डाळिंब, कापूस पट्ट्यांतले नमुने तरी दरवर्षी तपासून निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे ठेवायला हवेत.