पोटाची रोजकीर्द

२०१२ साली माझ्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा मुहूर्त सकाळी साडेदहाचा निघाला. आदल्या संध्याकाळपासून मी पोटात अन्नाचा कण जाऊ दिला नव्हता. कन्यादान होईपर्यंत वधूपित्यानं उपाशी राहायचं असतंच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. उलट एक म्हातारे मामा कौतुकानं म्हणाले, "हल्ली इतकं कडक कोण पाळतं?" मी नुसता हसलो. खरी गोष्ट अशी, की सकाळी काही खाल्लं असतं तर ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मला कार्यालयाच्या मागच्या बाजूला धावत जावं लागलं असतं.

या दुखण्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आपण चिडकं आतडं म्हणू. पोटात कळ येते, संडासला जाऊन आलं की बहुधा बरं वाटतं, कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. सोनोग्राफी, रक्त, दुर्बिणीची तपासणी, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. नॉर्मल नसतो तो फक्त रोगी. घरातले म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." मनाचा संबंध आहेच, मेंदू आणि आतडं यांचं बोलणं सतत चालू असतं, पण म्हणून कळ खोटी नसते.

मी १९८२ साली बँकेत लागलो आणि २०१९ साली निवृत्त झालो. मधल्या काळात विदर्भाचा नकाशा मी संडासांच्या खुणांनी पाठ केला होता. चंद्रपूरच्या एसटीत बसलो की बुटीबोरी, जांब, वरोरा ही माझ्या लेखी गावं नव्हती, आश्रयस्थानं होती. कस्तुरचंद पार्ककडे मित्र तर्री पोहे खायला थांबत. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून चिरलेला कांदा. मी "आज उपास आहे" म्हणून चहाचा कपही दूर सारायचो. आठवड्याला इतके उपास करणारा माणूस नास्तिक कसा, हे कोडं त्यांना सुटलं नाही.

लग्नानंतरच्या वर्षी एका डॉक्टरांनी मला औषधाआधी एक वही करायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला, एवढंच रोज लिहायचं. म्हणजे रोजकीर्दच की! जन्म त्यातच गेलेला. दोन महिन्यांनी मी तिची खतावणी घातली आणि ताळा पाहून चकित झालो. ज्याला मी बेभरवशाचं समजत होतो ते माझं पोट बँकेच्या घड्याळापेक्षा नियमित निघालं.

पहिली मोठी नोंद सकाळची. मोठं आतडं रात्री जवळजवळ स्वस्थ असतं, जाग आली की कामाला लागतं. त्यात काही पोटात गेलं की जठर खाली निरोप धाडतं: नवा माल येतोय, जागा करा. ही सोय प्रत्येकाच्या शरीरात आहे. तान्ह्या बाळाला पाजलं की दुपटं बदलावं लागतं ते बहुधा याचमुळं. चिडक्या आतड्याला मात्र हाच निरोप आरोळीसारखा ऐकू येतो. जेवण जितकं मोठं आणि तेलकट, तितकी आरोळी मोठी. काहींच्या बाबतीत कॉफीचा कपही पुरतो.

इथं माझा आयुष्यभराचा एक गैरसमज फिटला. खाल्ल्यावर दहा मिनिटांत पळावं लागलं की मी समोरच्या ताटाला दोष द्यायचो. पण आत्ता खाल्लेले पोहे इतक्या लवकर बाहेर पडत नाहीत. त्यांना एक-दोन दिवस लागतात. बाहेर पडतो तो मागचा भरणा. आमच्या वेळी आजचा चेक आजच क्लिअर होत नसे, हे मला तरी कुणी सांगायला नको होतं! आणि उपाशी राहण्याचा माझा डावही उलटाच होता. सकाळ कोरडी काढून दुपारी दोनला मी वाघासारखा जेवायचो आणि ती आरोळी दुप्पट करून घ्यायचो.

दुसरी नोंद संध्याकाळची, पोट फुगण्याची. सकाळी सपाट असलेलं पोट दिवेलागणीला ढोलासारखं व्हायचं. हा हिशेब मात्र ताटाचाच होता. कांदा, लसूण, गहू, हरभरा, तूर यांतले काही पदार्थ लहान आतड्यात पचत नाहीत. ते काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी यावरूनच फॉडमॅप नावाची आहारपद्धत बसवली: हे पदार्थ काही आठवडे बंद ठेवायचे, मग एकेक परत आणून पाहायचं. जाणत्या आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं करावं, जन्मभर सगळं सोडून बसू नये. आमच्या घरी सौ.नं दुपारची पोळी काढून ज्वारीची भाकरी आणली, जी माझी आजी नाहीतरी रोजच करायची. लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या. वास तेलात राहतो, त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. सावजीचा रस्सा मात्र मी हात जोडून सोडला.

पण त्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलेला एक प्रश्न या सगळ्याहून मोलाचा होता. "रात्री झोपेतून उठावं लागतं का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान डोलावली. चिडकं आतडं गाढ झोपेतून सहसा उठवत नाही. पोट झोपमोड करू लागलं, रक्त गेलं, वजन उतरलं, ताप येऊ लागला, अंगातलं रक्त कमी निघालं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला, तर दुसरं काही नाही ना, हे तपासलंच पाहिजे. आमच्या शाखेतले एक कॅशियर माझ्यासारखेच. आम्ही एकमेकांची थट्टा करायचो. ते रात्री दोनदोनदा उठू लागले, तेव्हाही "आपलं जुनंच आहे" म्हणाले. मीही तेच म्हणालो. वर्षभरानं आतड्याचा कॅन्सर निघाला, तोवर फार उशीर झाला होता. तो प्रश्न तेव्हा मला ठाऊक नव्हता.

आपण या विषयावर बोलत नाही, हेच मूळ. नागपूरहून दोन तासांवर सेवाग्राम. तिथं राहणारे गांधीजी पोट, आहार, संडास यांविषयी मोकळेपणानं बोलत आणि लिहीत. आम्ही तेवढं सोडून बाकीचे गांधीजी घेतले.

१९९४ साली मला बढती मिळत होती. गडचिरोली जिल्ह्यातली शाखा, सकाळी सातला जीपनं निघून खेड्यापाड्यांतल्या कर्जदारांकडे जायचं. मी लेखी नकार दिला. कारण लिहिलं: वृद्ध आईची जबाबदारी. आई तेव्हा सत्तरीची, रोज पायी देवळात जाणारी, स्वतःचं पाणी स्वतः भरणारी. तिला कुठून तरी कळलंच. "माझ्यापायी पोराची बढती गेली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आधी अभिमानानं, मग खंतावून. शेवटच्या दिवसांत तर माझ्याजवळच म्हणाली. मी तिचे पाय दाबत गप्प बसलो. २००४ साली ती गेली. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते तिला कळलंही असतं. आमच्या घरात हे पोट तिच्याचकडून आलं असावं, असं मला आता वाटतं. तीही सकाळच्या लग्नाला कधी जात नसे.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या एका वाचनालयानं भाषणाला बोलावलं. वेळ सकाळी दहाची. मी फोनवर विचारलं, "दुपारी चारला ठेवता येईल का?"

"सकाळी दुसरीकडे कार्यक्रम आहे का सर?"

"नाही हो. सकाळी माझं पोट ठीक नसतं. प्रवास जमत नाही."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग ते गृहस्थ हळूच म्हणाले, "सर, माझंही तसंच आहे. चारलाच ठेवू."