वाळूच्या टेकड्या आणि ६८ वर्षांची खोळंबलेली स्पर्धा : रॉयल पोर्टरश गोल्फ क्लब

विषयाचं नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो साहेबाचा जिमखाना, नाहीतर नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतलं हिरवंगार चित्र. पण आज खेळ शिकवण्याचा आमचा बेत नाही. आपण एका लहानशा समुद्रकाठच्या गावाकडे बघणार आहोत. तिथे १८८८ साली एक क्लब निघाला, त्याचं नाव झालं, १९५१ साली जगातली सर्वांत जुनी गोल्फ स्पर्धा त्याच्या मैदानावर भरली, आणि मग ६८ वर्षं ती स्पर्धा तिकडे फिरकलीच नाही. मैदान तेच होतं, समुद्र तोच होता. मग अडलं कुठे? आज एवढंच समजून घ्यायचं आहे.

गावाचं नाव पोर्टरश. आयर्लंड बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, अँट्रिम परगण्यात, बेलफास्टपासून साधारण शंभर किलोमीटरवर. समुद्रात जिभेसारखी घुसलेली जमीन, तिच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पुळण. वस्ती आजही साडेसहा हजारांच्या आसपास. मूळचं हे मासेमारीचं बंदर. १८५५ साली इथे आगगाडी आली आणि गावाचं नशीब पालटलं. बेलफास्ट तेव्हा गिरण्यांचं आणि गोद्यांचं शहर होतं. धुरातून सुटून चार दिवस समुद्रावर जावं, असं वाटणारा पैसेवाला वर्ग तिथे तयार झाला होता. त्याच्यासाठी हॉटेलं उभी राहिली. जवळच जायंट्स कॉजवे हे बसाल्टच्या षट्कोनी खांबांचं निसर्गनवल आहे. तिकडे जाण्यासाठी १८८३ साली पोर्टरशहून विजेची ट्राम सुरू झाली, तीही नदीच्या पाण्यावर केलेल्या विजेची. आपली माथेरानची छोटी गाडी १९०७ सालची. तुलना यासाठी करतो की दोन्हीकडे क्रम एकच आहे: आधी रूळ, मग पाहुणा, मग पाहुण्याची करमणूक.

आता करमणुकीला जागा कोणती? इथे 'लिंक्स' हा शब्द समजून घ्यावा लागेल. समुद्राची वाळू संपते आणि शेतीची जमीन सुरू होते, त्यांच्या मधला जो उंचसखल पट्टा असतो, तो लिंक्स. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर आखूड, चिवट गवत. नांगर घालून उपयोग नाही, पीक येत नाही. चरायला मेंढ्या सोडायच्या, बस. कोकणात किनाऱ्यालगत केवडा आणि मर्यादवेल माजलेला पट्टा आपण पाहिला आहे, त्याचाच हा थंड प्रदेशातला चुलतभाऊ म्हणा. पावसाचं पाणी वाळूत लगेच मुरतं, त्यामुळे हिवाळ्यातही पायाखाली चिखल होत नाही. चेंडू टप्पा घेऊन घरंगळतो. गोल्फ हा खेळ स्कॉटलंडमध्ये अशाच जमिनीवर वाढला. म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी निरुपयोगी असलेली जमीन खेळाच्या लेखी सोन्याची ठरली. पोर्टरशला ती भरपूर होती आणि गाडीतून उतरल्यावर हाकेच्या अंतरावर होती.

१८८८ च्या मे महिन्यात क्लब स्थापन झाला तेव्हा नाव साधं होतं, 'काउंटी क्लब'. होलही नऊच होते. १८९२ मध्ये राजघराण्याचा आश्रय मिळून नावात 'रॉयल' आलं, आणि १८९५ पासून 'रॉयल पोर्टरश' हे आजचं नाव रूढ झालं. चार वर्षांत नऊ होलांच्या मैदानापासून राजाश्रयापर्यंत! ही चढण रेल्वेशिवाय शक्य नव्हती, असं आमचं मत आहे. त्याच १८९५ साली इथे व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात सँडी हर्डने हॅरी व्हार्डनला हरवलं. व्हार्डन पुढे ओपन सहा वेळा जिंकला. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

१८९५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली आणि तिच्यावर आपण जरा रेंगाळू, कारण क्लबांच्या इतिहासात ती बहुधा एका ओळीत उरकली जाते. ब्रिटिश महिलांची अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी पोर्टरशला भरली आणि लेडी मार्गारेट स्कॉटने ती सलग तिसऱ्यांदा जिंकली. पायघोळ झगा, वर टोपी, अंगावर अटलांटिकचा वारा, आणि त्यात हा खेळ. बघणाऱ्यांत स्थानिक मुली होत्याच. पुढच्या पिढीत याच परिसरातून मे हेझलेट पुढे आली. १८९९ साली, सतरा वर्षांची होता होता, तिने ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. नंतर १९०२ आणि १९०७ मध्ये पुन्हा. १९०७ च्या अंतिम सामन्यात समोर कोण होतं? सख्खी बहीण फ्लॉरेन्स. क्लबची दुसरी खेळाडू रोना एडेअर १९०० आणि १९०३ साली विजेती झाली, त्यातला १९०३ चा विजय घरच्याच मैदानावर. पुरुषांची ओपन इथे यायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती. म्हणजे पोर्टरशचं नाव पहिल्यांदा मोठं केलं ते बायकांनी. हे ठळक सांगायला हवं.

आता मैदानाकडे. आज जे मैदान जगात नावाजलेलं आहे ते १८८८ चं नव्हे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लबने हॅरी कोल्ट यांना बोलावलं. कोल्ट शिक्षणाने वकील, पण नाव कमावलं मैदानांच्या आखणीत. त्यांनी खेळ गावापासून पूर्वेकडे, मोठ्या टेकड्यांमध्ये नेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम पुरं झालं. जवळच कड्यावर डनलूस किल्ल्याचे अवशेष आहेत, त्यांवरून मैदानालाही 'डनलूस' नाव पडलं. कोल्ट यांची खुबी अशी की त्यांनी फार खोदकाम केलं नाही. वाळूचे खड्डे, ज्यांना बंकर म्हणतात, ते कमीच ठेवले. टेकडी आणि घळ यांनाच अडथळा होऊ दिलं.

याचा नमुना म्हणजे 'कॅलॅमिटी कॉर्नर' नावाचा होल. कॅलॅमिटी म्हणजे अरिष्ट, नावातच सगळं आलं. अंतर २३६ यार्ड, आणि एकाच फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे झेंडा रोवलेल्या हिरवळीवर, पोचवायचा. उजवीकडे खोल घळ. थोडा जरी चेंडू उजवीकडे गेला तरी तो खाली गवतात गडप. १९५१ साली आधीच्या दोन वर्षांचा विजेता, दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक इथे आला. त्याने ग्रीनचा नादच सोडला. चारही फेऱ्यांत त्याने चेंडू मुद्दाम डावीकडच्या एका खोलगट जागी मारला, तिथून उचलून झेंड्याजवळ टाकला आणि प्रत्येक वेळी तीन फटक्यांत काम उरकलं. तीन हाच तिथला 'पार', म्हणजे चांगल्या खेळाडूसाठी ठरवलेला फटक्यांचा आकडा. त्या खळग्याला आजही लॉकचं नाव आहे.

१९५१ म्हणजे अर्थात ओपनचं वर्ष. ही स्पर्धा १८६० पासूनची, आणि तोवर ती फक्त स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये भरत आली होती. समुद्र ओलांडून ती पहिल्यांदाच पोर्टरशला आली. त्याला चार वर्षांपूर्वीची एक पार्श्वभूमी होती: १९४७ साली फ्रेड डेली ओपन जिंकला होता, तो ही स्पर्धा जिंकणारा पहिला आयरिश माणूस. जन्म पोर्टरशचा, आणि लहानपणी याच क्लबात इतरांच्या पिशव्या वाहणारा पोरगा. १९५१ ची स्पर्धा मात्र इंग्लंडचा मॅक्स फॉकनर जिंकला, २८५ फटक्यांत. बक्षीस ३०० पौंड.

आणि इथून ती ६८ वर्षं सुरू होतात.

याचं उत्तर बहुतेक लोक एका शब्दात देतात: हिंसाचार. ते खोटं नाही, पण पुरं नाही. थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला, उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. उत्तरेत ब्रिटनशी जोडलेलं राहावं म्हणणारे बहुसंख्य प्रोटेस्टंट आणि एकसंध आयर्लंड हवं म्हणणारे कॅथलिक, यांच्यातला ताण १९६० च्या दशकाअखेर रस्त्यावर आला आणि १९९८ च्या करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. पोर्टरश हे सुट्टीचं गाव, पण तेही सुटलं नाही. ३ ऑगस्ट १९७६ रोजी, म्हणजे ऐन हंगामात, गावात बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि अनेक इमारती उद्ध्वस्त झाल्या. अशा ठिकाणी जगभरचे खेळाडू आणि लाखो प्रेक्षक कोण आणणार?

पण हिशेब करून बघा. १९५१ ते १९६० च्या दशकाची अखेर, ही सतरा-अठरा वर्षं तुलनेने शांततेचीच होती. तेव्हाही ओपन परत आली नाही. आमच्या मते इथे एकामागोमाग एक दोन कुलपं लागली. पहिलं कुलूप साधं होतं: समुद्रापलीकडचं अंतर. दुसरं हिंसाचाराचं. आणि दुसरं कुलूप लागलेलं असतानाच पहिलं आणखी जड झालं, कारण मधल्या काळात ओपन स्वतःच बदलली. दूरदर्शन आलं, प्रायोजक आले, तंबूंची अख्खी वसाहत आली. १९५१ ला जेवढ्या जागेत स्पर्धा भागली, तेवढ्यात ती आता मावेना. म्हणून १९९८ ला शांतता आली तरी दार आपोआप उघडलं नाही.

तरी फटी पडत होत्या. १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली. १९९५ पासून सलग पाच वर्षं ज्येष्ठ खेळाडूंची ब्रिटिश ओपन पोर्टरशला भरली. मग आली ती विजयांची रांग. जून २०१० मध्ये ग्रॅम मॅकडॉवेल यूएस ओपन जिंकला. हा खुद्द पोर्टरशचा, पण शिकला शेजारच्या रॅथमोर क्लबात. त्या क्लबचे सभासद रॉयल पोर्टरशच्याच 'व्हॅली' नावाच्या दुसऱ्या मैदानावर खेळतात. जून २०११ मध्ये तीच स्पर्धा रोरी मॅकइलरॉयने जिंकली, आणि जुलैत डॅरेन क्लार्कने ओपन. तेरा महिन्यांत तीन मोठी अजिंक्यपदं, तीही एवढ्याशा प्रदेशातून. पाठोपाठ २०१२ ची आयरिश ओपन इथे झाली आणि चार दिवसांत १ लाख १२ हजारांहून अधिक माणसं आली. माणसं येतात, रस्ते पुरतात, हे आकड्यांनी सिद्ध झालं.

२०१४ मध्ये ओपनच्या आयोजकांनी होकार दिला, पण त्याची किंमत होती. कोल्ट यांच्या मैदानाचे शेवटचे दोन होल, सतरावा आणि अठरावा, सपाट जागेत होते. तिथेच तंबू मावणार होते. म्हणून ते काढायचे आणि व्हॅली मैदानाची काही जमीन घेऊन टेकड्यांत सातवा आणि आठवा असे दोन नवे होल बांधायचे, असा आराखडा मार्टिन एबर्ट यांनी मांडला. सभासदांनी मान्यता दिली. क्रम सरकला, कॅलॅमिटी चौदावा होता तो सोळावा झाला. नामवंत आखणीला हात लावायचा म्हणजे आपल्याकडे जुन्या देवळाचा सभामंडप पाडून नवा बांधण्यासारखंच. मात्र इथे झालेला बदल चांगला ठरला, असं बहुतेक जाणकार म्हणतात. जुन्या सतराव्याचे जे होल गेले ते मैदानातले सर्वांत फिके होते. त्यावरचा 'बिग नेली' हा प्रचंड बंकर मात्र लोकांच्या लाडका, म्हणून त्याची नक्कल नव्या सातव्यावर केली.

जुलै २०१९. चारही दिवसांची तिकिटं आधीच संपलेली; ओपनच्या इतिहासात हे पहिल्यांदा. आठवडाभरात २ लाख ३७ हजार ७५० प्रेक्षक. मॅकइलरॉयने सोळाव्या वर्षी, २००५ मध्ये, याच मैदानावर ६१ फटक्यांचा विक्रम केला होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याचा पहिलाच फटका हद्दीबाहेर गेला, पहिल्या होलला आठ फटके लागले, आणि तो एका फटक्याने पुढच्या टप्प्यातून बाद झाला. जिंकला शेन लाउरी, सहा फटक्यांच्या आघाडीने. लाउरी सीमेपलीकडचा, प्रजासत्ताकातल्या ऑफली परगण्याचा. तरी शेवटच्या दिवशी पावसात उत्तरेतली गर्दी त्याच्या नावाने गात होती. नवल वाटेल, पण याला एक जुना आधार आहे. आयर्लंडची गोल्फ संघटना १८९१ साली बेलफास्टमध्ये स्थापन झाली ती अख्ख्या बेटाची, आणि फाळणीनंतरही ती दुभंगली नाही. देश दोन झाले, गोल्फचा संघ एकच राहिला.

दुसऱ्यांदा मात्र ६८ वर्षं थांबावं लागलं नाही. २०२५ मध्ये ओपन परत आली, स्कॉटी शेफलर जिंकला, आणि मॅकइलरॉयला पूर्ण चार दिवस घरच्या लोकांपुढे खेळता आलं.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. पाचव्या होलचं ग्रीन अगदी समुद्राच्या तोंडावर आहे, खाली 'व्हाइट रॉक्स' नावाचा चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांचा किनारा. १९८० च्या दशकात लाटांनी तिथली वाळू इतकी खाल्ली की ग्रीनच जाईल अशी भीती निर्माण झाली. क्लबने पैसे जमवून पायथ्याशी दगडांचा बांध घातला. त्या वर्षांत गावात पाहुणे कमी, ओपनचं नावही कुणी काढत नव्हतं, तरी त्यांनी तो बांध घातला. पाचवं ग्रीन अजून जागेवर आहे. चला, आता प्रश्न घेऊ.