मुरमाच्या वाटेने साइमाकाठी

फिनलंडच्या आग्नेय भागात साइमा नावाचा अफाट जलविस्तार आहे. त्यास एक सरोवर म्हणावे की अनेक सरोवरांची गुंफण, हे नकाशा पुढ्यात असूनही चटकन ठरवता येत नाही. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पाणी, त्यात जवळजवळ १४,००० बेटे, आणि जमिनीच्या इतक्या जिभा पाण्यात शिरलेल्या की किनाऱ्याची लांबी १५,००० किलोमीटरच्या आसपास भरते. अशा प्रदेशात सरळ रस्ता संभवतच नाही. डांबरी रस्ते मोठी गावे जोडून पुढे निघून जातात. उरलेला सारा संसार, म्हणजे शेतघरे, उन्हाळी लाकडी घरे, होड्यांचे धक्के आणि लाकूडतोडीची राने, मुरमाच्या अरुंद वाटांवर चालतो. या वाटांवर अलीकडे एक नवा प्रवासी दिसू लागला आहे: ग्रॅव्हल सायकलवरचा.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या मुठींची. मात्र तिचे टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, त्यांतील हवा बेताची आणि चढासाठी गिअर हलके असतात. सामान कॅरियरवर न लादता सांगाड्याला बांधलेल्या पिशव्यांत भरायचे. दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात, आणि वाटेत थांबायला वेळही उरतो. मोटारीतून हा प्रदेश म्हणजे दोन्ही बाजूंना झाडांची न संपणारी भिंत. सायकलवरून त्याच भिंतीत पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीचा बर्च वेगवेगळे दिसू लागतात. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच भाऊबंद. ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, तिच्या तेथील प्रकारापासून फिनिश लोकांनी टोपल्या आणि पायताणे विणली.

पायाखालचा हा मुरूम कोठून आला, हे जाणून घेण्याजोगे आहे. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचा जाड थर उत्तरेकडे सरू लागला. त्या हिमाखालून वितळलेल्या पाण्याच्या नद्या वाहत. त्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे साचत गेले आणि हिम गेल्यावर लांबच लांब सोंडांच्या रूपाने उघडे पडले. सावोनलिन्ना शहराच्या आग्नेयेस पुंकाहार्यु येथे अशी एक सोंड सुमारे सात किलोमीटर पाण्यातून गेलेली आहे. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणीच दिसते. रशियाचा सम्राट अलेक्झांडर पहिला १८०३ मध्ये येथे आला आणि येथील झाडी राखण्याचा हुकूम देऊन गेला, असे सांगतात. याच हिमयुगाने समुद्रापासून तोडलेला एक सील साइमाच्या गोड्या पाण्यात आजही जगतो. १९८० च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या आत होती. आता ती चारशेच्या वर गेली आहे. हिवाळ्यात बर्फ अपुरा पडला तर स्वयंसेवक गोठलेल्या सरोवरावर फावड्यांनी बर्फाचे ढीग रचतात, म्हणजे मादीला पिलासाठी बीळ करता येते.

परंतु वाचकहो, व्यापारी घराण्यातील माणसाला खरे कुतूहल वाटेल ते वेगळ्याच गोष्टीचे. हे रस्ते कोणाचे?

यांतील बहुसंख्य रस्ते सरकारचे नाहीत. देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाखाली आहे आणि त्या वनांपैकी निम्म्याहून अधिक सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहे. रस्त्याच्या कडेला ज्यांची जमीन, ते सारे मिळून एक रस्ता-मंडळ चालवतात. त्यास ‘तिएकुंता’ म्हणतात. मंडळाची सभा भरते, हिशेब मांडला जातो आणि प्रत्येकाचा वाटा ठरतो. वाटा सरसकट सारखा नसतो. कोणाची जमीन किती, कोणाचे लाकूड किती जाणार, कोणाची ये-जा किती, यावरून ‘रस्ता-एकके’ काढतात आणि तितकी रक्कम भरावी लागते. वर्षातून चार आठवडे सुटीच्या घरी येणारा शहरी गृहस्थ आणि रोज दूध वाहून नेणारा शेतकरी एकाच चोपडीत वेगवेगळ्या आकड्यांनी नोंदलेले असतात. २०१९ पासून यासाठी नवा कायदा लागू आहे, पण मूळ पद्धत जुनीच.

आणि सायकलस्वाराने काय भरायचे? काहीच नाही. नॉर्डिक देशांत मुरलेला एक हक्क येथे चालतो, ‘योकामिएहेनओइकेउस’, म्हणजे प्रत्येक माणसाचा हक्क. दुसऱ्याच्या रानातून पायी जावे, सायकलने जावे, एखाद-दुसरी रात्र तंबू ठोकावा, रानफळे वेचावीत. मालकाला विचारण्याची गरज नाही आणि परदेशी पाहुण्यालाही हा हक्क तितकाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीलगतची निळी बिलबेरी आणि सप्टेंबरमध्ये तांबडी लिंगनबेरी कोणीही तोडू शकतो. इतकेच नव्हे, तर वेचणाऱ्याने ती विकली तरी त्या उत्पन्नावर आयकर नाही! (हे वाचून आमच्या पेढीवरच्या मंडळींच्या भुवया उंचावतील, याची मला खात्री आहे.)

हक्काच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. घराच्या अंगणात शिरायचे नाही, उभ्या पिकातून जायचे नाही, झाड तोडायचे नाही, मालकाच्या परवानगीवाचून उघडा विस्तव पेटवायचा नाही. शेकडो जणांची शर्यत भरवायची असेल तर रस्ता-मंडळाची संमती हवी. नवखा सायकलस्वार ‘खासगी रस्ता’ अशी पाटी पाहून बिचकतो आणि मागे फिरतो. त्याची आवश्यकता नाही. ती पाटी त्याच्यासाठी नसते. खरी अडचण पुढे येते, कारण यांतील कितीतरी वाटा सरळ कोणाच्या तरी दारात संपतात. नकाशावरची रेघ पुढे पाण्यापर्यंत गेलेली दिसली, तरी तेथून मुकाट परत वळावे हा शिष्टाचार. हा हक्क टिकून आहे तो वापरणारे आपले हात आखडते ठेवतात म्हणून. सायकलींची गर्दी वाढत गेली आणि दहापैकी एकानेही अंगणात तंबू ठोकला, तर मंडळाच्या पुढच्या सभेत त्याची चर्चा होणारच.

दुसरी एक गोष्ट प्रवासवर्णनांत सहसा सांगितली जात नाही. या रानवाटा सौंदर्य दाखवण्यासाठी बांधलेल्या नाहीत. त्या लाकूड बाहेर काढण्यासाठी आहेत. त्यांच्यावरून ७६ टनांपर्यंतचे मालमोटार-जोड धावतात. घनदाट सावलीतून जाताना एका वळणावर अचानक उजेड येतो आणि समोर खुंटांचे उघडे मैदान पसरलेले असते. तोडीनंतर पुन्हा रान उभे करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते उभे केलेही जाते. परंतु एका वयाची, एका जातीची, रांगेत वाढलेली झाडे म्हणजे जुने अरण्य नव्हे. देशातील निम्म्याहून अधिक दलदली गेल्या शतकात चर खणून सुकवल्या गेल्या, त्याही मुख्यतः वनवाढीसाठी. त्या चरांतून येणारे तपकिरी पाणी अखेर सरोवरातच उतरते. माझ्या मते हे पाहून हळहळावे, पण तोंड फिरवू नये. आपल्या वखारीतील कागद आणि फळ्या अशाच कोणत्या तरी रानातून येतात.

रस्त्याविषयी थोडे व्यवहाराचे. एप्रिल-मेमध्ये गोठलेली जमीन वितळते तेव्हा मुरमाचा लगदा होतो; या काळास ‘केलिरिक्को’ म्हणतात आणि जड वाहनांवर वजनाची बंदी येते. सायकलस्वारानेही तेव्हा जाऊ नये; चाकाने पडलेली चाकोरी दुसऱ्या कोणाला तरी पदरच्या पैशाने बुजवावी लागते. उन्हाळ्यात रस्त्यावर आडव्या बारीक वळ्या उठतात आणि मनगटे खिळखिळी होतात. फिनिश भाषेत त्यांना गमतीने ‘फौजदाराचे कुरळे केस’ म्हणतात. सरकारी रस्ता पाण्यापाशी तुटतो तेथे पिवळा तराफा पलीकडे नेतो, फुकट. पूमाला गावाभोवती सुमारे ६० किलोमीटरचा बेटांचा फेरा नवशिक्यांना उत्तम. तेथील उंच पुलावर धक्क्यावरून थेट लिफ्टने चढता येते. रानात गोचीड असतात, म्हणून संध्याकाळी अंग तपासणे टाळू नये.

आता आपल्या घरांतील पहिला प्रश्न: खायचे काय? बटाटा तेथे पोळीभाजीसारखा आहे, तो जवळपास प्रत्येक ताटात येतो. राईच्या पिठाची काळसर भाकरी सर्वत्र मिळते. कारेलियन पायमध्ये राईच्या पातळ पारीत भाताची खीर असते, पण त्यासोबत अंडे कालवलेले लोणी देतात आणि सारणातही अंडे असू शकते. पाकिटांवरील चार शब्द पाठ केले की निभते: ‘मुना’ म्हणजे अंडे, ‘लिइवाते’ म्हणजे जिलेटिन, ‘सिपुली’ म्हणजे कांदा, ‘पेरुना’ म्हणजे बटाटा. ‘पोर्क्काना’ वाचून मात्र दचकू नये, ते गाजर. कंदमूळ न खाणाऱ्यास तेही वर्ज्यच, ही बाब वेगळी. भाजलेले दाणे, खाकरा आणि सातूचे पीठ घरूनच न्यावे.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी एक विलक्षण सोय आहे. जूनच्या उत्तरार्धात सावोनलिन्ना येथे सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. दिवसभर सायकल चालवून, तंबू ठोकून, सावकाश जेवण रांधूनही सूर्यास्त दूरच असतो. पहाट मात्र साडेतीनच्या सुमारास होते, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधल्याखेरीज झोप लागणे कठीण.

लाप्पेनरांता येथील विद्यापीठ साइमाच्या काठीच आहे आणि तेथे भारतातून विद्यार्थी येत असतात. ज्यांची मुले तेथे शिकत आहेत, त्यांनी भेटीचे दिवस जून ते ऑगस्टमध्ये धरावेत. हेलसिंकीहून आगगाडीने पारिक्कालापर्यंत आणि तेथून लहान गाडीने पुंकाहार्युला जाता येते. सायकलीचे वेगळे तिकीट आधीच काढून ठेवावे, कारण जागा मोजक्याच असतात. पुंकाहार्युच्या थांब्यावर उतरले की ती सोंड जवळच आहे, आणि सावोनलिन्ना तेथून सुमारे ३० किलोमीटर.