खोकड व काळवीट यांतील जीवोपजीवी रोग
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या माळरानांवर खोकड व काळवीट आढळतात. खोकडास पुष्कळदा कोल्हा म्हणतात, ते बरोबर नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (१९८०) काळविटांसाठी राखलेले असून ते अवघे २·१७ चौ. किमी. आहे. काळविटाच्या चौथ्या जठरकोष्ठात हीमाँकस कॉन्टॉर्टस हा रक्तशोषक गोलकृमी राहतो. मादी दररोज सु. ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि पावसाळी ओलाव्यात त्यांतील डिंभ गवतावर चढतात. परिणामी रक्तक्षय होऊन जबड्याखाली सूज येते. हाच कृमी शेळ्यामेंढ्यांत असल्याने सामाईक कुरणावर संसर्ग दोन्हीकडे होतो. खोकडास कुत्र्यांपासून लूत लागू शकते. वन्य प्राण्यांना औषध पाजणे अवघड. म्हणून जंतनाशके पाळीव कळपांनाच देतात.