वॉफल हलके का होते?

ब्रुसेल्सचे चौकोनी खळग्यांचे वॉफल १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनापासून अमेरिकेत ‘बेल्जियन वॉफल’ म्हणून गाजले. ते हलके होते, ते वायूमुळे.

अंड्याचा पांढरा बलक फेटला, की त्यातील प्रथिनांचे रेणू उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा तयार करतात. भांड्याला तूप लागलेले असेल, तर मात्र फेस नीट चढत नाही. हा फेस मैदा, दूध, लोणी व पिवळा बलक यांच्या मिश्रणात अगदी शेवटी, हलक्या हाताने मिसळा. घोटलात तर बुडबुडे फुटतील. तापलेल्या साच्यात हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होते आणि फुगलेले पीठ तसेच घट्ट होते.

तयार वॉफले एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. असे का बरे? कोंडलेली वाफ कुरकुरीत कवच मऊ पाडते. एक रचून, एक जाळीवर ठेवून स्वतःच पडताळा!