बारा सागरी मैलांची सीमारेषा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे; प्रादेशिक सागरापलीकडील मासेमारी मात्र संघसूचीत येते. संसदेच्या 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक सागराची मर्यादा 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, तर अनन्य आर्थिक क्षेत्राची मर्यादा 200 सागरी मैल निश्चित केली. बंदरे, पर्यटन, खनिजे, ऊर्जा अशा अनेक अंगांनी आज नील अर्थव्यवस्थेची चर्चा होते. कोकणातील मच्छीमार कुटुंबांच्या दृष्टीने तिचा पहिला अर्थ मासळी हाच होय, आणि मासळी ही सीमारेषा मानीत नाही.

महाराष्ट्राने आपल्या वाट्याच्या पाण्यासाठी सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 मध्येच केला. मालवणच्या किनाऱ्यावरील रापण, जिच्यात अनेक कुटुंबे एकत्र जाळे ओढून मासळीचे वाटे करतात, आणि यांत्रिक नौकांचे मोठे जाळे यांतील संघर्ष त्यामुळे मिटला नाही. उलट बांगडा, तारलीचे थवेच्या थवे वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांमुळे तो तीव्र झाला. राज्य शासनाने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली. त्यानंतर एलईडी दिव्यांचा प्रश्न पुढे आला. जनित्रावर चालणाऱ्या प्रखर प्रकाशाकडे रात्री मासळी ओढली जाते, तीत अजून अंडीही न घातलेली लहान मासळी असते, आणि एकाच वेढ्यात सारे हाती लागते. पुढील हंगामाचे बीजच असे उचलले गेले, तर रापणकऱ्याच्या वाट्याला काय उरणार?

केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीस मनाई केली. महाराष्ट्राने 2021 मध्ये आपल्या अधिनियमात सुधारणा करून दंड लाखांच्या घरात नेला आणि पूर्वी तहसीलदारांकडे असलेले न्यायनिर्णयाचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे सोपविले. महसुलाच्या असंख्य कामांत गुंतलेल्या तहसीलदारापुढे बोटीचे प्रकरण पडून राहणे स्वाभाविकच होते. त्यामुळे दंडवाढीपेक्षा हा बदल अधिक मोलाचा म्हणावा लागेल.

रेषेपलीकडची उणीव अधिक काळ राहिली. परदेशी नौकांसाठी 1981 पासून कायदा होता, परंतु 12 मैलांपलीकडे जाणाऱ्या भारतीय नौकांसाठी तशी सर्वंकष व्यवस्था नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनी यांत्रिक व मोठ्या नौकांना प्रवेशपत्र आवश्यक केले, पारंपरिक मच्छीमारांना त्यातून वगळले, सहकारी संस्थांना प्राधान्य दिले आणि एलईडी मासेमारीवरील बंदी नियमांत समाविष्ट केली.

नियमनाबरोबर साहाय्यही हवे. किसान क्रेडिट कार्डाची सोय 2018-19 पासून मच्छीमारांना खुली झाली. 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. हैदराबाद येथील राष्ट्रीय सागरी माहिती केंद्र उपग्रहांच्या आधारे मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळविते, त्यामुळे शोधाशोधीचे डिझेल वाचते. डिझेल हा बोटीच्या खर्चातील मोठा भाग असल्याने ही बचत लहान नव्हे.

अंमलबजावणी मात्र समुद्रावरच व्हावयाची असते. रात्री दिवे विझवून सीमेपलीकडे सरकलेली नौका नेमकी कोठे होती, हे सिद्ध करणे अवघड जाते. जानेवारी 2025 मध्ये राज्याने किनाऱ्यालगत ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली. त्यापूर्वी, ऑगस्ट 2024 मध्ये, पालघर येथे 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याचा मुख्य हेतू वादळाची सूचना देणे व संकटात मदत पोहोचविणे हा आहे. त्याच यंत्रामुळे नौकेचे स्थान कळत असल्याने तिची नोंद मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला पुरावा म्हणूनही उपयोगी पडू शकेल.