‘बसून तर काम, दमायला काय झालं?’

हा प्रश्न हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी घरी एकदा तरी ऐकला असेल. बर्नआउट म्हणजे दमणं, आणि दमलात तर झोप काढा, हा पहिला गैरसमज.

दमलेला माणूस रविवारी दुपारपर्यंत लोळला की सोमवारी ताजा होतो. इथे तसं होत नाही. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ साली बर्नआउट मोजण्यासाठी जी प्रश्नावली मांडली, तिच्यात थकवा हा तीनातला एक भाग. दुसरा, ज्यांच्यासोबत किंवा ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दलच आलेला कोरडेपणा. तिसरा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. माझ्या बाबतीत दुसरा आधी दिसला. टीममधल्या मुलीचा मेसेज आला, वडिलांना अॅडमिट केलंय. माझ्या मनात पहिलं काय आलं? ‘मग शुक्रवारचं रिलीज कोण बघणार?’ फोन खाली ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

‘कामचुकार लोकांची थेरं आहेत ही.’ उलट आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात जीव ओतून राबणाऱ्यांना पाहून. त्यांत ते स्वतःही होते. जो पेटलाच नाही, तो विझणार कुठून?

२०१९ मध्ये ‘बर्नआउट आता अधिकृत आजार’ अशा बातम्या आल्या, त्याही चुकीच्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागेवरचा, दीर्घकाळ न आवरलेला ताण यातून येणारी अवस्था म्हटलं. मात्र कामाबाहेरही कशातच मन लागेनासं झालं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे डॉक्टरच हवेत. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

मग सुट्टी? मीही दहा दिवस दापोलीला जाऊन आलो. भूमकर चौकात कंपनीची बस अडकली आणि दहाही दिवस तिथेच उतरून गेले. सुट्टीचा गुण थोड्या आठवड्यांत ओसरतो असं अभ्यासही सांगतात, कारण आपण परततो ते त्याच खुर्चीवर.

त्या खुर्चीत नेमकं काय बिघडलंय हे पाहायला मॅसलॅक आणि मायकेल लायटर सहा जागा सुचवतात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं. म्हणजे तास कमी केले की सुटलो, असंही नाही. (तास क्षुल्लक नव्हेत. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, अंदाजे ३५ टक्के जास्त, असं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने म्हटलंय.) माझं दुखणं ताब्याचं होतं. टीम लीड म्हणून सगळ्या तारखा माझ्या गळ्यात, पण एकही ठरवायचा अधिकार नाही.

यशाची व्याख्या बदलायची म्हणजे राजीनामा देऊन कोकणात होमस्टे काढायचा, हा अलीकडचा लाडका गैरसमज. रात्री अकराला गरम पाणी मागणारा पाहुणाही क्लायंटच असतो! मी लीडपद सोडून परत कोडिंगला आलो, इतकंच. पगारवाढ हुकली, ती टोचते.

परवा एका लग्नात मावशीने विचारलं, ‘मॅनेजर झालास की नाही रे?’

‘नाही गं. पण सव्वासहाच्या बसने घरी येतो.’

मावशी म्हणाली, ‘बरं, मठ्ठा घे,’ आणि पुढच्या भाच्याकडे वळली.